फुलपऱ्यांची पुस्तकं कुंपणाकडेला वाचताना

सिसिली मेरी बार्कर या चित्रकार-कवयित्रीची फुलपऱ्यांची पुस्तकं मी आणि माझ्या लेकीनं गेल्या फेब्रुवारीपासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीनं वाचायचं नाही, बाहेर जे फूल त्या आठवड्यात फुललं असेल त्याचीच कविता उघडायची, असं आमचं ठरलं होतं. आम्ही क्रॉयडनला राहतो आणि बार्करबाईही क्रॉयडनच्याच. त्या जन्मल्या तेव्हा, 1895 साली, हे गाव सरे परगण्यात मोडत होतं. आता लंडनच्या पोटात गेलं आहे. स्टेशनबाहेर काचेच्या उंच इमारती आहेत आणि ट्राम घंटा वाजवत जाते. तरी ट्रामनं दहा-पंधरा मिनिटं बाहेर पडलं की रान लागतं, टेकड्या लागतात, रस्त्याकडेला गवत माजलेलं असतं. पुस्तकातली फुलं तिथं अजून आहेत का, आणि कवितेत म्हटलंय तशी ती खरंच वागतात का, हे मला बघायचं होतं. लेकीला पऱ्या बघायच्या होत्या. ती सात वर्षांची.

ज्यांच्या हातात ही पुस्तकं कधी आली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रत्येक फुलाला दोन पानं. एकावर चित्र: ते झाड आणि त्या झाडासारखेच कपडे घातलेलं, पंख असलेलं एक मूल. समोर त्या परीचं 'गाणं', म्हणजे काही ओळींची यमकं जुळवलेली कविता. पहिलं पुस्तक वसंतातल्या फुलांचं, 1923 सालचं. त्यातल्या 24 चित्रांचे आणि कवितांचे मिळून बाईंना 25 पौंड मिळाले होते. मग 1925 ला उन्हाळा, 1926 ला शरद. पुढं मुळाक्षरांचं, झाडांचं, बागेचं आणि शेवटी 1948 साली रस्त्याकडेच्या फुलांचं. हिवाळ्याचं पुस्तक त्यांनी स्वतः केलेलंच नाही. त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1985 मध्ये, इतर पुस्तकांतली चित्रं-कविता निवडून ते बांधलं गेलं आणि वाचताना ते जाणवतं.

बार्करबाईंना लहानपणापासून फिट्स यायच्या, म्हणून शाळेत घातलंच नाही. तेराव्या वर्षी वडिलांनी टपालानं चित्रकला शिकवणाऱ्या एका वर्गात नाव घातलं. वडील बियाण्यांच्या व्यापारात होते आणि स्वतःही चित्रं काढायचे, लाकडावर कोरीवकाम करायचे. 1912 साली ते गेले. मग घर चालवायला थोरल्या बहिणीनं, डोरोथीनं, राहत्या घरातच बालवाडी काढली आणि धाकटीनं चित्रं विकायला सुरुवात केली. पुस्तकातल्या पऱ्यांचे चेहरे बरेचसे त्या बालवाडीतल्या पोरांचे आहेत. बाई त्यांना समोर बसवायच्या, ज्या फुलाचं चित्र असेल ते खरंखुरं फूल हातात द्यायच्या आणि मग काढायच्या. बदल एकच करायच्या: फूल मुलाच्या मापाचं मोठं करायच्या. पाकळ्यांची संख्या, देठाची लव, पानाची कड, सगळं जसंच्या तसं. एखादं फूल मिळालं नाही तर क्यू इथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानातली मंडळी नमुना आणून द्यायची.

हे मला आधी माहीत होतं म्हणूनच ही पुस्तकं घराबाहेर न्यावीशी वाटली. परीचं काय, ती कुणीही काढील. पण जिनं देठाची लव चुकवली नाही तिनं कवितेतही थापा मारल्या नसतील, असा माझा हिशोब होता.

तो खरा ठरला मार्चच्या सुरुवातीला. रेल्वेपुलाजवळ काहीतरी खोदकाम होऊन गेलं होतं, तिथल्या उघड्या मातीत पिवळी फुलं दिसली. पुस्तक पिशवीत होतंच. लेकीनं चित्रं चाळून बोट ठेवलं: कोल्ट्सफूट. कविता सहा ओळींची आहे. मार्चचे वारे बोचरे आहेत पण मी भीत नाही. माझी पानं यायची मी वाट बघत बसत नाही, ती मागाहून येतात, ती संथ आहेत, अशा अर्थाची. मी वाचून दाखवली आणि लेक उकिडवी बसून मातीत बघायला लागली. पान खरंच नव्हतं. जाडसर देठावर तांबूस खवले आणि वर पिवळं फूल, बस. तिनं बाजूचा पालापाचोळा काडीनं उलथून पाहिला, कुठं तरी पान लपलं असेल म्हणून. नव्हतंच. एप्रिल संपता संपता आम्ही परत तिथं गेलो तेव्हा फुलांचा कापूस होऊन उडून गेला होता आणि जमिनीवर तळहाताएवढी, घोड्याच्या खुराच्या आकाराची पानं पसरली होती. पान उलटं केलं तर खालून पांढरी लव. "ही संथ पानं," लेक म्हणाली. तिला सहाच्या सहा ओळी पाठ झाल्या होत्या आणि मी काही पाठ करून घेतल्या नव्हत्या.

तेव्हापासून आमची पद्धत बसली. आधी चित्र बघायचं आणि कविता हातानं झाकायची. मग झाड शोधायचं. सापडलं की त्याच्याजवळ उभं राहून कविता मोठ्यानं वाचायची आणि तिच्यातलं प्रत्येक विधान झाडाशी ताडून बघायचं. मोठ्यानं वाचणं महत्त्वाचं, कारण ही खरोखर गाणीच आहेत. काहींना तेव्हाच चालीही लावल्या गेल्या होत्या. मनातल्या मनात वाचली तर गोडगोड वाटतात. तोंडानं म्हटली की ठेका पायात येतो आणि चालता चालता म्हणता येतात. अर्थ मी मराठीत आमच्या बोलण्यात सांगत होते, ओळी मात्र जशा आहेत तशाच.

एक नियमही केला: उपटायचं नाही. तसा इथला कायदाच आहे, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रानातलं कुठलंही झाड मुळासकट काढता येत नाही. पण लेकीला पटला तो कायद्यामुळं नाही, विलोच्या तुऱ्यांच्या कवितेमुळं. इस्टरच्या आधीच्या रविवारी इथं चर्चमध्ये ताडाच्या झावळ्या नेतात, आणि थंड देशात ताड कुठला, म्हणून पूर्वीपासून लोक विलोच्या लवदार, रुपेरी कळ्यांच्या डहाळ्या तोडून नेतात. कवितेतली परी म्हणते, सणासाठी नेता तर न्या, मला आनंदच आहे, एखादी डहाळी घ्या. पण झाडाभोवती तुडवातुडवी करता, ओरडता, ओढून मोडता, मग लहान पऱ्या रडतात. बार्करबाई स्वतः चर्चला नेमानं जाणाऱ्या, तिथं मुलांना शिकवणाऱ्या. त्यांनी आपल्याच सणाला हे सुनावलं आहे याचं मला फार कौतुक वाटलं. मला आपट्याची झाडं आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बाजारात आपट्याच्या फांद्यांचे भारे येऊन पडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पानं रस्त्याकडेला तुडवलेली दिसायची. लेकीला ते सांगितलं. तिनं विचारलं, "मग आपट्याची परी काय म्हणते?" तिला म्हटलं, आजी आली की तिला विचार.

एप्रिल-मेमध्ये फुलांची एवढी गर्दी झाली की आम्ही मागे पडलो. सेल्सडनच्या रानात ब्लूबेल, कूल्सडनजवळच्या फार्दिंग डाउन्सच्या खडूच्या जमिनीवर काउस्लिप, घराशेजारच्या गवतात डेझी आणि डँडेलायन. यातल्या काही कविता मला मामुली वाटल्या. जिथं बाईंना फुलाविषयी नेमकं काही सांगायचं नसतं तिथं त्या गोडवा ओततात आणि ओळी कुठल्याही फुलाला लागू पडतील अशा होतात. लेकीलाही ते कळत असे. अशा कवितेनंतर ती लगेच पान उलटायची. पण जिथं झाडाची एखादी खोड पकडली आहे तिथं तिला परत परत ऐकायचं असायचं. 'लॉर्ड्स-अँड-लेडीज' नावाची एक वनस्पती आहे, आपल्या सुरणा-अळूच्या कुळातली; सावलीत वाढते, हिरवी टोपी घातल्यासारखं फूल. तिची परी कवितेभर स्वतःची ऐट सांगते, पानं कशी तुकतुकीत, फळं सप्टेंबरात कशी देखणी, आणि मग शेवटी दोनच शब्दांत बजावते की सावध राहा. ती फळं विषारी असतात. त्या शेवटच्या दोन शब्दांवर लेक दरवेळी आवाज खाली आणायची.

पुस्तकाच्या प्रस्तावनेविषयी इथंच सांगून टाकते, कारण याच सुमारास तिनं तो प्रश्न विचारला. पऱ्या खऱ्या असतात का? उत्तर बार्करबाईंनीच लिहून ठेवलं आहे. रस्त्याकडेच्या फुलांच्या पुस्तकात त्या मुलांना सरळ सांगतात की झाडं-फुलं मी खऱ्यावरून, काळजीपूर्वक काढली आहेत आणि त्यांच्याविषयी जे सांगितलं आहे ते जमेल तेवढं खरं आहे. पण परी मी कधी पाहिलेली नाही, पऱ्यांचं सगळं आपलं खोटं-खोटं. हे म्हणणं सोपं नव्हतं. 1917 साली यॉर्कशरमधल्या कॉटिंगली गावात दोन मुलींनी 'पऱ्यांचे फोटो' काढले होते आणि शेरलॉक होम्सचा जन्मदाता कॉनन डॉयल यानं ते खरे मानून छापले होते. परीवर विश्वास ठेवायला तेव्हा मोठी माणसं उतावीळ झाली होती, आणि पुढं पऱ्यांच्या चित्रांवर पोट असलेली ही बाई मुलांना खरं आणि लटकं वेगळं करून देत होती. मी लेकीला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे पानं खरी, पंख लटके." आणि लगेच पुढचं फूल शोधायला लागली. तिचा काहीही विरस झाला नाही.

जूनमध्ये आम्ही ज्याची वाट बघत होतो तो भेटला: 'जॅक-गो-टू-बेड-ॲट-नून'. दुपारी बाराला झोपी जाणारा जॅक. हे डँडेलायनसारखंच पिवळं फूल, पण देठ उंच, पानं गवतासारखी बारीक आणि पाकळ्यांमागून हिरवी टोकं चांदणीसारखी बाहेर आलेली. कविता म्हणते, दुपार झाली की मी मिटतो, बाकी माझी कामं असतातच. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही डबा घेऊन गवताच्या कडेला जाऊन बसलो. तीन फुलं अगदी जवळजवळ होती. अकरापर्यंत काही नाही. लेक कंटाळून फुलपाखरांमागं गेली, परत आली. साडेअकरानंतर पहिल्या फुलाची बाहेरची हिरवी टोकं किंचित वर उचललेली दिसली. मग ती इतकी सावकाश मिटत होती की सलग बघितलं तर काहीच हलत नव्हतं आणि नजर काढून परत बघितलं की फरक दिसायचा. लेकीनं ते ताडलं. ती डोळे मिटून वीस आकडे म्हणायची, उघडायची आणि सांगायची, "आता एवढं!" साडेबाराच्या आत तिन्ही फुलं मिटून टोकदार कळ्या झाल्या होत्या, नवीन माणसानं पाहिलं तर अजून फुलायची आहेत असंच म्हटलं असतं. बारा म्हणजे घड्याळातले नेमके बारा नव्हेत, पण जॅकनं शब्द पाळला होता. नंतर त्या जागी मोठ्या चेंडूएवढे कापसाचे गोळे आले, आणि त्यावर फुंकर मारण्यात पुढचे दोन रविवार गेले.

जुलैत माझी आई आली. आई पाटण तालुक्यातली, आयुष्य शेतात आणि परड्यात गेलेलं. तिला इंग्रजी येत नाही. मला वाटलं होतं आमच्या वाचनात तिला रस वाटणार नाही. पण तिला कवितेची गरजच नव्हती; ती थेट चित्रातलं झाड ओळखायची. कुंपणावर चढलेला नाइटशेडचा वेल दिसला तेव्हा मी पुस्तक काढेपर्यंत ती म्हणाली, "अगं, हे तर वांग्याचं फूल!" जांभळ्या पाच पाकळ्या, मागं मुडपलेल्या, आणि मधोमध पिवळी टोकदार सोंडी. अगदी बरोबर. बटाटा, टोमॅटो, वांगं आणि हा वेल एकाच कुळातले. आईनं खालची फळं पाहिली, काही हिरवी, काही केशरी, काही लाल. "कामोणीच्या जातीचं दिसतंय. पण ती काळी असते. हे खाऊ नको हं." लेकीनं मग आजीला कविता म्हणून दाखवली. तिच्यात फळांची परी इतर पऱ्यांना भुरळ घालते, बघा कशी माणकांसारखी लोंबतायत, येताय का खायला? आणि पऱ्या मान हलवून म्हणतात, नाही, तू लबाड आहेस. आईला ते मनापासून आवडलं. "हां, पोरांना असंच सांगायला पाहिजे," म्हणाली. "नुसतं खाऊ नको म्हटलं की खातातच."

याच वेळी लेकीनं एक गोष्ट बोलून दाखवली जी माझ्याही मनात होती. यातली एकही परी आपल्यासारखी दिसत नाही. सगळी गोरी, गुलाबी गालांची पोरं. मी तिला खरं तेच सांगितलं: बाईंनी आपल्या बहिणीच्या बालवाडीतली आणि ओळखीतली मुलं काढली, शंभर वर्षांपूर्वीच्या क्रॉयडनमध्ये ती तशीच होती. आता या गावच्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं तर निम्म्या जगाचे चेहरे दिसतात. बाई आज असत्या तर त्यांनी तीच मुलं समोर बसवली असती, याबद्दल मला शंका नाही, कारण त्या समोर असेल तेच काढायच्या. "मग मला बसव," लेक म्हणाली.

तसं केलं. बार्करबाई प्रत्येक परीचा पोशाख आधी खरोखर शिवायच्या, त्यासाठी फुलाचे भाग सुटे करून बघायच्या, पंख काड्या आणि पातळ कापडाचे करायच्या, आणि चित्र झालं की पोशाख उसवून तेच कापड पुढच्या परीला वापरायच्या. आम्हीही त्याच क्रमानं गेलो. आईच्या पेटीत एक जांभळा ब्लाउजपीस होता, पिवळा तुकडा माझ्या जुन्या ओढणीतून निघाला. पहिल्यांदा आईनं पाकळ्या सरळ, घेरासारख्या शिवल्या. लेकीनं गळून पडलेलं एक फूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आजी, या मागं वळतात." आईनं चष्मा लावला, फूल उचललं, नखानं एक पाकळी हळूच सोडवली. "खरंय गं." मग प्रत्येक पाकळीच्या कडेला आतून बारीक तार घातली आणि ती कंबरेवर मागं मुडपली. पाकळीच्या बुडाशी दोन-दोन हिरवे ठिपके असतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तेही आईनं हिरव्या रेशमानं भरले. सोंडीसाठी पिवळ्या कापडाची टोपी. पोशाख अंगावर चढवून लेक कुंपणापाशी उभी राहिली आणि मी चित्र काढायला बसले. माझं चित्र यथातथाच आलं, पण ते ठिपके त्यात आहेत.

या सगळ्या पुस्तकांतली मला सगळ्यात मोठी वाटलेली कविता आम्ही ऑगस्टमध्ये वाचली, पूर्व क्रॉयडन स्टेशनच्या पुढं, रुळांच्या कडेच्या जाळीपाशी. रोझबे विलोहर्ब. खांद्याएवढं उंच, गुलाबी तुऱ्यांचं हे झाड इथं रेल्वेच्या कडेनं मैलोन्‌मैल उगवतं. कविता दहाच ओळींची. वाऱ्यावर माझा कापूस उडतो आणि माझं बी पेरलं जातं. जिथं जमीन जळलेली आणि दुःखी असेल तिथं मी येईन आणि तिला आनंदी करीन. ओसाड पडलेल्या, मोडलेल्या, कुणी न विचारलेल्या जागा मी गुलाबी रंगानं झाकून टाकीन. शेंगांनो फुटा, वाऱ्यांनो वाहा. बस एवढंच.

लेकीनं विचारलं, "जळलेली जमीन कुठली?"

पुस्तक 1948 सालचं. सहा वर्षं चाललेलं महायुद्ध त्याच्या तीनच वर्षं आधी संपलं होतं. 1944 च्या उन्हाळ्यात जर्मनीचे उडते बॉम्ब, व्ही-1, लंडनवर येत होते, आणि ज्या भागांना त्यांचा सगळ्यात जास्त मार बसला त्यांत क्रॉयडन होतं, कारण ते त्यांच्या वाटेतच पडायचं. घरंच्या घरं गेली. आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्या ढिगाऱ्यांवर हेच झाड आलं. त्याचं बी केसाहून हलकं, एकेका झाडाला हजारोंनी, आणि जळक्या, उघड्या जमिनीवर ते विशेष फोफावतं. लंडनचे लोक तेव्हा त्याला 'बॉम्बचं तण'च म्हणायला लागले होते. आमच्या गल्लीत एक आजीबाई आहेत, तेव्हा त्या शाळेत जात होत्या. त्यांना मी नंतर हे विचारलं तर म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या चार घरांची जागा उन्हाळाभर गुलाबी असायची, आणि आम्ही तिथं खेळायचो.

बार्करबाईंनी कवितेत युद्धाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. तेव्हाच्या मुलाला ते सांगायची गरज नव्हती. ती जागा त्याच्या घराच्या कोपऱ्यावर होती. पुस्तकांच्या टीकेत या बाईंना 'गोड' म्हणून बाजूला सारलेलं दिसेल, पण त्या दहा ओळी मुलांसाठी लिहिलेल्या युद्धाच्या उत्तम कवितांमध्ये मी ठेवीन. झाडाविषयी एक अक्षर खोटं नाही, आणि मुलाच्या दुःखाविषयीही नाही.

मी हे लेकीला सांगत होते तेव्हा आई ऐकत होती. ती म्हणाली, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. डिसेंबरात घरं पडली. पावसाळा आला तर पडक्या भिंतींवर टाकळा कंबरेएवढा. आई त्याचीच कोवळी पानं खुडून भाजी करायची. पुढं सगळं पिवळं फुलायचं." हे तिनं मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. लेकीनं लगेच विचारलं की टाकळ्याच्या फुलाला पाकळ्या किती. "पाच," आई म्हणाली. "आणि पानं रात्री मिटतात."

सप्टेंबरात आई परत गेली आणि पोरांची मजा सुरू झाली. सिकॅमोरच्या बियांना पंख असतात, फेकल्या की गरगर फिरत खाली येतात. कवितेतली परी म्हणते, लोकांना मी फार पसरते असं वाटतं, पण मला माझी बियाणी उडताना बघायला गंमत वाटते. मात्र आधी त्यांचा लाल रंग जाऊन त्या तपकिरी व्हायला हव्यात. लेकीनं लालसर हिरवी बी आणि वाळलेली बी जिन्यावरून एकदमच सोडून बघितली. वाळलेली छान फिरली, हिरवी जड पडली. हॉर्स चेस्टनटच्या कवितेत झाडावरचा पोरगा तक्रार करतो की फळं पाडायला तुम्ही दगड मारता ते मला लागतात, जरा थांबा, मीच ती गाळतो. आम्ही थांबलो. वारा आला आणि त्यानं फळं गाळली.

ऑक्टोबरच्या अखेरीस फार्दिंग डाउन्सकडं परत गेलो. कुंपणं पांढऱ्या, केसाळ गुच्छांनी भरली होती. उन्हाळ्यात इथंच 'ट्रॅव्हलर्स जॉय' म्हणून फुललेला वेल आता 'ओल्ड मॅन्स बिअर्ड' झाला होता. बाईंनी एकाच वेलाला दोन ऋतूंत दोन कविता दिल्या आहेत. दुसरीत त्या मऊ दाढीत छोटे एल्फ झोपायला जातात. मी आईला व्हिडिओ कॉलवर गुच्छ दाखवला. "मोरवेल," ती म्हणाली. "आपल्या घाटात बघ, दिवाळीनंतर असाच पिंजारतो."

हिवाळ्याचं पुस्तक पटकन संपलं. डिसेंबर-जानेवारीत बाहेर फारसं काही नसतंच. हॉली पाहिली, आयव्ही पाहिली. मुळाक्षरांचं पुस्तक आम्ही अंथरुणात पडून वाचलं, कारण त्यात झिनियापासून जाई-चमेलीच्या कुळातल्या जॅस्मिनपर्यंत बागेतली बरीच फुलं आहेत. त्यात यू आणि एक्स ही अक्षरंच नाहीत. बाईंनी उगाच ओढून ताणून भरली नाहीत.

आता फेब्रुवारी परत आला आहे आणि पुस्तकात नसलेल्या फुलांचं काम सुरू झालं आहे. आई तिकडून फोटो पाठवते. परवा कराडच्या वाटेवरचा पळस आला, एकही पान नाही आणि फांद्या केशरी. लेकीनं बघताक्षणी म्हटलं, "कोल्ट्सफूटसारखा! पानं संथ!" मग फोनवर दोघींची चर्चा. फुलाचा आकार कसा? पोपटाच्या चोचीसारखा वाकडा. वास? नाही. मग येतं कोण? साळुंक्या येतात, मध प्यायला. अर्ध्या तासानं त्यांनी मला हे म्हणून दाखवलं:

पानं गेली गावाला,
आलो मी उन्हाला.
चोच माझी वाकडी, तरी
पोपट म्हणू नका मला!

साळुंक्या त्यात बसल्या नाहीत याची लेकीला रुखरुख आहे. दुसरं कडवं करायचं आहे. त्याआधी आजीनं सकाळी लवकर जाऊन, साळुंकी फुलात चोच कुठून घालते, वरून की बाजूनं, ते बघून सांगायचं ठरलं आहे.